पुढच्या बैठकीत पाहू

शहाण्यानं पायरी चढू नये म्हणतात कोर्टाची.
ड्रुसिला मोलंड दुसऱ्याच पायरीवरून पडून
माझ्या ऑफिसात आली,
बोनाव्हिस्टाच्या बंदरात एप्रिलचा बर्फ अजून तरंगत असताना.
उजवा हात गळ्यात, डाव्या हातात बिस्किटांचा डबा.
वकिलाकडे रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणाली.

दुखतं का, मी विचारलं.
दुखणं ऐकायला डॉक्टर आहे, ती म्हणाली.

खरं होतं.
नुसत्या दुखण्याचा दावा होत नाही.
माझ्या कपाटात कितीतरी खरी दुखणी
नंबर न पडता तशीच पडून आहेत:
एकाला लाटेनं धक्क्यावर आपटलं,
एक स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकला,
एक तर सरळ नशिबावरच फिर्याद घेऊन आला होता
आणि नशिबाचा पत्ता त्याच्याकडे नव्हता.
मी शोधते ते दुखण्याच्या आधीचं:
कुणाला माहीत होतं,
कधीपासून,
आणि माहीत असून हात खिशातच का राहिले.

तर, पॅरिश हॉलची मागची पायरी.
चाळीस जणांच्या सूपचं पातेलं.
तिचा तोल गेला, तिनं कठडा धरला,
कठडा तिच्याबरोबर आला.

मनगटात आता धातूची पट्टी, सहा स्क्रू.
कठड्याला, तिनंच हिशेब केला होता,
चार पुरले असते.

कुणाला माहीत होतं?
तिनं पिशवीतून समितीची वही काढली.
ऑक्टोबर: मागचा कठडा हलतो. पुढच्या बैठकीत पाहू.
नोव्हेंबर: कठडा. क्लेटन स्वायर्स स्क्रू आणतील.
जानेवारी: वादळामुळे बैठक नाही.
फेब्रुवारी: कठडा. पुढच्या बैठकीत.
अक्षर असं, की शाळेत भिंतीवर लावावं.

कुणाचं हो हे अक्षर?
माझंच, ती म्हणाली. पंधरा वर्षं चिटणीस आहे मी.

मी वही मिटली, पुन्हा उघडली.
एवढा चांगला पुरावा क्वचित चालत येतो,
आणि आलाच तर असा, दोन्हीकडून धार असलेला.
समोरचा वकील म्हणेल, बाईंना तर सगळ्यांत आधी माहीत होतं.
भरपाईतून एक तुकडा कापून घेतील,
कॉडचं डोकं उडवावं तसा.
पण तुम्ही लिहिलं होतं, मी म्हणाले.
चिटणिसानं लिहायचं असतं,
स्क्रू आवळायचे नसतात.

ती खिडकीबाहेर बघत होती.
दुसऱ्याच दिवशी बसवला कठडा, म्हणाली.
क्लेटननं. रात्री, टॉर्च तोंडात धरून.
कायदा त्याला कबुली मानत नाही, मी म्हणाले.
मी मानते, ती म्हणाली.

मी समजावलं: दावा क्लेटनवर नाही, हॉलवर.
हॉलच्या मागे विमा कंपनी,
जिनं तुमचं सूप कधी चाखलेलं नाही.
पण कागद क्लेटनच्याच हातात पडेल ना?
हो. खजिनदार तोच.
पंचवीस वर्षं माझं सरपण तो फोडतो, ती म्हणाली.
कालसुद्धा फोडून गेला. वर बघितलं नाही.

दोन वर्षांची मुदत आहे, मी म्हणाले.
हाड जुळायला सहा आठवडे,
हे ठरवायला दोन वर्षं.
कायदाही कधीकधी माणसासारखा वागतो.

तिनं माझं पेन मागितलं.
थांबा, तो पुरावा आहे, म्हणेपर्यंत
तिनं वहीचं नवं पान उघडलं होतं
आणि डाव्या हातानं, जीभ दातांत धरून,
खूप वेळ काहीतरी लिहिलं.
अक्षरं ओळीवरून घसरत होती,
एक तर थेट समासात जाऊन पडलं.

वाचता येतं?

पुष्कळ वेळ बघितलं मी.
एप्रिल एवढं लागलं. पुढे बहुधा कठडा.
त्याच्यापुढचं लागेना.

नाही, मी म्हणाले,
आणि कपाटातून एक कोरी फाइल काढली.
नाव घातलं नाही अजून.
तिनं डबा उघडून माझ्याकडे सरकवला.